दोषनोंद व बदलनोंद यांचा सांधा

सॉफ्टवेअरच्या निर्मितीत दोन नोंदवह्या चालतात. आवृत्ती-नियंत्रणाच्या वहीत कोणती ओळ कोणी व केव्हा बदलली हे असते. दोषवहीत काय बिघडले हे असते. बदल कोणत्या दोषासाठी केला, हे मात्र बदलाच्या टिपणात लिहिलेल्या दोषक्रमांकावरूनच कळते. दोन्ही वह्यांचा सांधा तो हाच.

त्याचे संशोधनमूल्य श्लिवेर्स्की, झिमरमान व झेलर यांनी २००५ साली दाखविले. एक्लिप्स व मोझिला या प्रकल्पांच्या सीव्हीएस व बगझिला यांतील नोंदी त्यांनी जुळविल्या आणि दुरुस्तीत बदललेल्या ओळी पूर्वी कोणत्या बदलाने आल्या होत्या, याचा मागोवा घेतला. दोष कोणत्या बदलातून उद्भवला असावा, हे त्यायोगे सांगता येऊ लागले.

तथापि क्रमांक लिहिणे हे लिहिणाऱ्याच्या स्वाधीन असते. सांधा जुळलेल्या दुरुस्त्या सर्व दुरुस्त्यांचा निःपक्ष नमुना ठरत नाहीत, असे बर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना २००९ साली अनेक प्रकल्पांत आढळले. अशा सामग्रीवर उभारलेले दोषभाकीत दोषांऐवजी टिपण लिहिण्याच्या सवयींचेच वर्णन करील, हा धोका होय. म्हणून न जुळलेल्या दुरुस्त्या कोणत्या, याची तपासणी आधी करणे अगत्याचे ठरते.