मालीश शिकायचे म्हणजे काय शिकायचे?

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम कुस्ती झाली. गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी मिळवली, हे सर्व वर्तमानपत्रांत आले. पैलवानांच्या मांड्या आणि खांदे चोळून देणाऱ्यांची नावे मात्र कोठे छापून येत नाहीत. घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायकांचेही तसेच. त्यांचे काम सर्वांना हवे असते, पण ते 'शिकण्यासारखे' आहे असे फारसे कुणाला वाटत नाही.

हे लोक शिकतात ते पाहून. तालमीत वस्तादाच्या हाताखाली, घरात आईच्या किंवा सासूच्या हाताखाली. या पद्धतीने हाताला उत्तम सराव मिळतो. कातडीखाली काय आहे, दाबल्यावर तेथे काय घडते आणि कोणत्या वेळी मुळीच दाबू नये, हे मात्र नुसते पाहून कळत नाही. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित हातांतला फरक, हात कोठे थांबवायचे हे कळण्यात आहे. हे कसे, ते या लेखात पाहू.

हातांच्या पाच क्रिया

जगात मालिशीच्या अनेक पद्धती असल्या तरी हातांच्या मूळ क्रिया थोड्याच आहेत. तळहात लांबवर सरकवत नेणे, स्नायू कणकेसारखा उचलून मळणे, बोटाच्या किंवा अंगठ्याच्या टोकाने लहानशा जागी खोल घासणे, थोपटणे आणि कंप देणे. पाश्चात्त्य पुस्तकांत यांना फ्रेंच नावे आहेत. आपल्या तालमीतल्या माणसाला ती नावे ठाऊक नसली तरी क्रिया ठाऊक असतात.

विद्यार्थ्याला प्रथम शिकवतात ते मात्र स्वतःचे शरीर सांभाळायला. दिवसभर अंगठ्यांनी जोर करणाऱ्याचे अंगठ्याचे सांधे लवकर दुखू लागतात. म्हणून जोर हातातून न काढता शरीराच्या वजनातून काढायचा असतो. एक पाय पुढे, कोपर जवळजवळ सरळ, आणि वजन हळूहळू पुढे झुकवायचे. मेजाची उंचीही ठरलेली असते. सरळ उभे राहून हात खाली सोडले असता मिटलेली मूठ मेजाला टेकावी, असा साधा नियम आहे. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना यात बल आणि तरफ दिसेलच.

हृदयाच्या दिशेने

हातापायांना मालीश करताना जोराचा हात हृदयाच्या दिशेने न्यावा, असे शिकवतात. याचे कारण वर्गात दाखवता येते. प्रयोग जुना आहे. विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या आपल्या ग्रंथात तो दिला आहे.

ज्याच्या हातावरच्या शिरा ठळक दिसतात अशा विद्यार्थ्याच्या दंडावर रुमाल बेताने बांधा (एक-दोन मिनिटेच). कोपराखालच्या शिरा फुगतील आणि त्यांवर मधूनमधून लहान गाठी दिसतील. या गाठी म्हणजे आतल्या झडपांच्या जागा. एका शिरेवर मनगटाकडच्या बाजूला बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने शिरेतले रक्त कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे सरकवा आणि ते दुसरे बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो. वरचे रक्त झडपेमुळे खाली येऊ शकत नाही. आता मनगटाकडचे बोट उचला. तुकडा लगेच भरतो.

शिरांतले रक्त एकाच दिशेने वाहते हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की हाताची दिशा वेगळी पाठ करावी लागत नाही.

दुखणे कमी का वाटते?

कोपर दाराला आपटले की आपण लगेच ते चोळू लागतो आणि थोडे बरे वाटते. याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. वेदनेचे संदेश बारीक मज्जातंतूंतून सावकाश येतात, स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश जाड तंतूंतून वेगाने येतात. दोन्ही मज्जारज्जूत पोचतात. तेथे जणू एक दार आहे आणि स्पर्शाचे संदेश ते काहीसे लोटून घेतात; त्यामुळे मेंदूकडे जाणारी वेदना कमी होते. या सिद्धान्ताचे काही तपशील पुढे बदलावे लागले, पण मूळ कल्पना टिकली आहे.

केसाळ त्वचेत आणखी एक प्रकारचे बारीक तंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ वेगाने हात फिरवला तर ते सर्वांत अधिक उद्दीपित होतात, आणि नेमका हाच स्पर्श माणसाला सुखद वाटतो. आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण एवढाच असतो.

वेदना कमी वाटली म्हणजे कारण गेले असे मात्र नव्हे. दार लोटले, पण दाराबाहेर जे मोडले आहे ते मोडलेलेच राहते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

काही समजुती तपासू

मालिशीने स्नायूंतले 'आम्ल' निघून जाते असे सर्रास सांगतात. व्यायामात तयार झालेले लॅक्टिक आम्ल साधारण तासाभरात शरीर आपोआप वापरून टाकते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे त्यामुळे नसते. ते येते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये ११ तरुणांकडून दमेपर्यंत सायकल चालवून घेतली, एकाच मांडीला दहा मिनिटे मालीश केले आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे कण तपासले. लॅक्टिक आम्लात फरक नव्हता. दाहाच्या खुणा मात्र मालीश केलेल्या मांडीत कमी होत्या. म्हणजे पैलवानाचा अनुभव खरा, स्पष्टीकरण चुकीचे.

बाळाला तेल लावण्याबाबतही असेच तपासून पाहिले गेले आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांच्या मालिशीसाठी खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना खोबरेल लावले त्यांचे वजन अधिक वेगाने वाढले. घरातल्या जुन्या चालीत तथ्य असू शकते. ते किती, हे असे मोजूनच कळते.

बोटांनी पाहणे

प्रशिक्षणाचा मोठा भाग चाचपण्याचा असतो. हाडाचा उंचवटा कोणता, कंडरा कोणती, स्नायू आखडला आहे की सुजला आहे, हे बोटांनी ओळखायचे. बोटांची टोके या कामाला किती योग्य आहेत ते पाहण्यासाठी तारेचा तुकडा 'यू' आकारात वाकवून त्याची टोके बोथट करा. विद्यार्थ्याचे डोळे बांधून दोन्ही टोके एकदम त्वचेला टेकवा आणि अंतर कमी-कमी करत जा. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतर असले तरी 'दोन' कळतात. पाठीवर मात्र सुमारे चार सेंटिमीटर अंतर असले तरी 'एकच' वाटू शकते.

याच कारणाने अंध व्यक्तींनी या व्यवसायात नाव मिळवले. जपानमध्ये सुगियामा वाइची (१६१०-१६९४) या अंध वैद्याने अंधांना सूचिचिकित्सा आणि मालीश शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांनाही लंडनच्या सेंट डन्स्टन्स संस्थेत मालीश शिकवले गेले.

हात कोठे थांबवायचा?

आता मुख्य भाग. पुढच्या गोष्टी प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

खेळताना मूल पसरलेल्या हातावर पडते आणि कोपर सुजते. 'मुरगळले असेल' म्हणून त्याला चोळणाऱ्याकडे नेले जाते. पण लहान मुलांत अशा वेळी दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडलेले असण्याचा संभव मोठा असतो. त्या जागेच्या अगदी समोरून हाताची मुख्य धमनी आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. चोळल्याने मोडलेली टोके सरकून त्यांना इजा होऊ शकते. वर घट्ट पट्टा बांधला तर सूज बाहेर वाढू शकत नाही, आतला दाब वाढतो, स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. मग पंजा कायमचा आखडतो. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ मध्ये याचे वर्णन केले. दुसरा धोका सावकाश येतो. दुखावलेले कोपर रोज चोळत राहिल्यास त्याच्या पुढच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागते आणि सांधा ताठतो. म्हणून सुजलेले कोपर चोळू नये, ओढू नये. आहे त्या स्थितीत फळी किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार द्यावा, बोटे गार किंवा फिकी पडत नाहीत ना ते पाहावे आणि क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

दुसरी जागा पोटरी. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका वाढलेला असतो, आणि आपल्याकडे मालीश होते तेही याच दिवसांत. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. अशी पोटरी दिसली की तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठणे, हेच तेल लावणाऱ्या बाईचे कौशल्य.

तिसरी जागा मान. केस कापल्यावर मान कडकन मोडून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून जातात. अचानक पिळाने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते. म्हणून मान मोडून घेऊ नये.

याशिवाय ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी जखम आणि अकारण सूज यांतही मालीश वर्ज्य आहे. ही यादी केवळ आधुनिक वैद्यकाची नाही. वाग्भटाने दिनचर्येत रोज अभ्यंग सांगितला, पण अजीर्ण झालेल्याला, कफाने ग्रासलेल्याला आणि नुकतेच शोधन झालेल्याला तो वर्ज्यही सांगितला. सुश्रुताने १०७ मर्मे मोजली, ती शरीरावरच्या जपण्याच्या जागा म्हणून. कारणमीमांसा वेगळी असली, तरी 'केव्हा नको' हे सांगितल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, ही दृष्टी तीच.

शिक्षण कोठे मिळते?

लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीश करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. त्या काळी मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे प्रामाणिक काम करणाऱ्यांचीही बदनामी होत होती. यावर संस्थेने शोधलेला उपाय म्हणजे शरीररचनेसह परीक्षा आणि वागणुकीचे नियम. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि आजचा फिजिओथेरपीचा व्यवसाय तिच्यातूनच वाढला. आपल्याकडे हे शिक्षण सुरू होण्यास पोलिओची साथ कारण झाली. १९५० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली.

अहिल्यानगर जिल्ह्यात आज दोन्ही वाटा आहेत. लोणीला प्रवरा वैद्यकीय संस्थेत आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनच्या आवारात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह) झाल्यावरचा हा पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेचार ते पाच वर्षांचा असतो. मालीश हा त्याचा एक लहान भाग. व्यायाम आणि पुनर्वसन हा मोठा. नगर शहरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये सुरू केलेले आयुर्वेद महाविद्यालय आहे. आयुर्वेदाच्या पदवीत अभ्यंग पंचकर्माबरोबर शिकवला जातो. ज्यांना पदवीची वाट लांब वाटते त्यांच्यासाठी पंचकर्म साहाय्यकाचे आणि निसर्गोपचार साहाय्यकाचे लहान अभ्यासक्रम असतात. पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेने असा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला आहे.

अभ्यासक्रम निवडताना विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. शरीररचना सांगाड्यावर आणि चाचपून शिकवतात का? प्रत्यक्ष सराव किती तास, आणि कोणाच्या देखरेखीखाली? मालिशीपूर्वी आजार, औषधे आणि इजा यांची विचारपूस करायला, व्यक्तीची संमती घ्यायला आणि अंग झाकून काम करायला शिकवतात का? आणि वर्ज्य स्थितींवर परीक्षेत प्रश्न असतो का? चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल तर बाकीच्या तिन्हींचा फारसा उपयोग नाही.

गावोगावच्या तेल लावणाऱ्या बायका आणि तालमीतले जाणते यांच्या हातांत पिढ्यांचा सराव आहे. तो पुसून टाकण्याची गरज नाही. सुजलेले कोपर, एकच सुजलेली पोटरी, मोडून दिलेली मान, ताप आणि ताजी जखम ही पाच-सहा वाक्यांची यादी त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. शाळेच्या माता-पालक मेळाव्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने हे एका दुपारी होण्यासारखे आहे. मेळाव्याला त्यांना पाहुणे म्हणून बोलवावे. हात कसा चालवायचा ते त्यांनी मुलांना दाखवावे, आणि कोठे थांबवायचा ते आपण त्यांना सांगावे.