हिशेब एकाच्याच डोक्यावर नको

दोघंही नोकरी करतात त्या घरात थकवा फक्त कामाच्या तासांचा नसतो. गॅस कधी संपेल, दुधाचे खाडे किती, फी कधी भरायची, हे सतत एकाच्याच डोक्यात चालू असतं. बहुतेक घरांत ती बाईच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७.

महिन्याचं गणित किराण्यामुळे क्वचितच बिघडतं. ते बिघडवतात वर्षातून एकदा येणारे खर्च. समजा, शाळेची फी ३६,०००, विम्याचा हप्ता १८,०००, गणपती-दिवाळी १२,०००. एकूण ६६,०००, म्हणजे महिन्याला ५,५००. पगार जमा होताच ही रक्कम वेगळ्या खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मग जूनमध्ये क्रेडिट कार्डाकडे बघावं लागत नाही. वीजबिलही असंच आपोआप भरलं जाईल अशी सोय करावी.

रोज पै-पैचा हिशेब लिहिण्याचा आग्रह मला पटत नाही. दमलेला माणूस तो लवकरच सोडतो आणि वर अपराधी वाटून घेतो. भाजी, रिक्षा, बाहेरचं खाणं यांसाठी आठवड्याची एक रक्कम ठरवली तरी पुरतं. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार परवडत असेल तर तो चैनीत धरू नका.

कामं वाटताना ती लक्षात ठेवण्याची जबाबदारीही वाटा. गॅस नवऱ्याकडे असेल, तर नंबर लावायची आठवण बायकोला करून द्यावी लागू नये. या रविवारी दोघं मिळून कोणतं काम कोणाकडे, एवढी यादी कराच.