धूम्रपानमुक्ती : निश्चय एकाचा, साथ अनेकांची

धूम्रपान शरीरास घातक आहे, हे आज कोणास नव्याने सांगावे लागत नाही. पाकिटावरील भयावह चित्र ओढणारा रोज पाहतो आणि त्याच पाकिटातून पुढची सिगारेट काढतो. भारतात २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखूविषयक सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ते सोडण्याचा आपला विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे माहिती आहे, इच्छाही आहे, तरी व्यसन सुटत नाही. इच्छा आणि सिद्धी यांमधील हे अंतर पार करण्यात घरच्या माणसांचा, मित्रांचा व डॉक्टरांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बेळगाव परिसरात राहणाऱ्या आपणां सर्वांस हा विषय अधिक जवळचा आहे. निपाणीचा भाग तंबाखूचे पीक व विडी व्यवसाय यांसाठी प्रसिद्ध आहे. कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटत आली. त्यामुळे विडी ही आपल्याकडे घरची, ओळखीची वस्तू. आणि ओळखीच्या वस्तूचे भय सहसा वाटत नाही. ‘विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य’ असा समजही आढळतो. भारतातील मृत्यूंच्या कारणांचा एक विस्तृत अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी, तर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटते. सहा वर्षांच्या हानीस सौम्य म्हणणे कठीण आहे.

शरीराची ओढ आणि दिवसाची सवय

ओढलेल्या झुरक्यातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व तेथे डोपामीन हे सुखद संवेदना देणारे द्रव्य स्रवू लागते. रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि तलफ पुन्हा डोके वर काढते. व्यसन थांबविताच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव, वाढलेली भूक ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वाधिक तीव्र असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात.

याच्या जोडीला दिवसाची घडी असते. सकाळचा चहा, जेवणानंतरची शतपावली, कचेरीतील मधली सुट्टी, टपरीवरील मित्रांची बैठक. या प्रत्येक प्रसंगाशी सिगारेट बांधली गेलेली असते. शरीराची ओढ कमी करण्यास औषधे आहेत. दिवसाची घडी मात्र त्या दिवसात वावरणारी माणसेच बदलू शकतात, आणि सहकार्याचे खरे स्थान येथे आहे.

सोबतीचा परिणाम

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील हृदयरोगविषयक अभ्यास वैद्यकक्षेत्रात सर्वपरिचित आहे. त्यातील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील माहितीचे विश्लेषण ख्रिस्ताकिस व फाउलर या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले. पती वा पत्नीने धूम्रपान सोडले, तर जोडीदाराच्या धूम्रपानाची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली आढळली. मित्राने सोडल्यास ती ३६ टक्क्यांनी, लहान कचेरीतील सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी व भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी कमी झाली. माणसे बहुधा एकेकटी नव्हे, तर गटागटाने या व्यसनातून बाहेर पडतात, असा या निष्कर्षाचा आशय आहे. म्हणून दोन भाऊ किंवा कचेरीतील चार मित्र यांनी एकच दिवस ठरवून एकत्र सोडणे अधिक हितावह ठरते.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जोडीदारास साहाय्याचे शिक्षण देऊन धूम्रपान सुटण्याचे प्रमाण वाढते काय, हे पाहण्यासाठी अनेक प्रयोग झाले. त्यांतून ठोस लाभ सिद्ध झालेला नाही. प्रेमळ साथ ही औषधोपचाराची पूरक आहे, त्याचा पर्याय होऊ शकत नाही. शिवाय साथ या नावाखाली घरात जे चालते, ते सर्वच उपकारक असते असेही नाही.

प्रोत्साहन कशास म्हणावे?

दवाखान्यात नेहमी दिसणारे एक दृश्य आठवावे. पती खुर्चीत मान खाली घालून बसलेले असतात आणि पत्नी म्हणते, “डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. माझं काही ऐकत नाहीत.” या बोलण्यामागे वर्षानुवर्षांची काळजी असते. परंतु तीच काळजी घरी “आज किती झाल्या?”, “खिसा दाखवा बघू” अशा उलटतपासणीचे रूप घेते, तेव्हा ओढणारा व्यसन सोडण्याऐवजी लपविण्यास शिकतो. जोडीदाराच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोहेन व लिश्टेनश्टाइन यांनी १९९० साली दाखवून दिले की, कौतुकाचे व साहाय्याचे वर्तन हे टोचणी व टीका यांच्या तुलनेत जितके अधिक, तितके यशाचे प्रमाण अधिक असते.

उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. सोडण्याचा दिवस ज्याचा त्याला ठरवू द्यावा. आदल्या रात्री रक्षापात्रे, काडेपेट्या व उरलीसुरली पाकिटे घरातून काढून टाकावीत. पहिल्या आठवड्यातील चिडचिड औषधाच्या परिणामासारखी समजून घ्यावी. त्या दिवसांत घरातील जुने वाद उकरून काढू नयेत. तलफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ “चला, कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ” असे म्हणणारे माणूस जवळ असावे. वाचलेले पैसे घरातील एखाद्या डब्यात साठवून त्यांचे काय करावे, हे मुलांसह ठरवावे. मित्रांनी तर एवढेच करावे की, त्याच्यासमोर सिगारेट पेटवू नये व आग्रह करू नये.

चहा-कॉफीविषयी एक सूचना. धुरातील घटकांमुळे यकृतात कॅफीनचा निचरा जलद होत असतो. धूम्रपान थांबताच तो मंदावतो व तेवढ्याच कपांनी अस्वस्थता, निद्रानाश वाढू शकतो. म्हणून चहा थोडा कमी करावा. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते. त्याची थट्टा न करता ताकाचा पेला व सायंकाळचा फेरफटका यांची सोय करावी. सिगारेटऐवजी गुटखा, मावा वा मिश्री यांचा आसरा घेणे म्हणजे तेच व्यसन तोंडाच्या कर्करोगाच्या वाटेने चालू ठेवणे होय.

घसरणीचा दिवस

प्रोत्साहनाची खरी कसोटी लागते ती यशाच्या दिवशी नव्हे. तीन आठवडे संयम पाळलेला मनुष्य एखाद्या लग्नाच्या मांडवात वा अंत्यविधीहून परतताना एक सिगारेट ओढतो. ती एक सिगारेट तितकीशी घातक नसते; तिच्या पाठोपाठ येणारी ‘माझ्याने होणार नाही’ ही भावना अधिक घातक असते. अशा वेळी “मला ठाऊकच होते” हे घरच्यांचे एक वाक्य त्याला पूर्वस्थितीस नेण्यास पुरेसे होते. याउलट “एकवीस दिवस जमले ना? उद्यापासून पुढे मोजू, ती का ओढावीशी वाटली, तेवढे सांगा” असे कोणी म्हणाले, तर घसरण ही माहिती ठरते व पुढच्या प्रयत्नास उपयोगी पडते. कायमची मुक्ती मिळण्यापूर्वी बहुतेकांना अनेक प्रयत्न करावे लागतात, हे कुटुंबाने आरंभीच जाणून असावे.

डॉक्टरांचे कर्तव्य

लंडनमधील मायकेल रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या व्यवसायबंधूंनी अवश्य स्मरावा. कुटुंबवैद्याने एक-दोन मिनिटे स्पष्ट सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा चौकशी करण्याचे सांगितले, एवढ्याने ५.१ टक्के रुग्ण वर्षभर धूम्रपानमुक्त राहिले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांत हे प्रमाण ०.३ टक्के होते. आकडा लहान वाटतो. पण रोज येणाऱ्या रुग्णांच्या संख्येने त्यास गुणून पाहावे. भारतातील उपरोक्त सर्वेक्षणात, वैद्यकीय सेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच असा सल्ला मिळाल्याचे दिसले.

म्हणून प्रत्येक भेटीत विचारावे, स्पष्ट सल्ला द्यावा, रुग्णाची तयारी जाणून घ्यावी, साहाय्य करावे आणि पुढील भेट निश्चित करावी. निकोटीनची चघळगोळी वा पट्टी यशाची शक्यता सुमारे दीडपट करते. चघळगोळी सतत न चावता थोडी चावून गालात धरून ठेवावयाची असते, हे दाखवून द्यावे. ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे रुग्णाचा पूर्वेतिहास पाहून द्यावीत. २०१६ पासून १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते. हा क्रमांक औषधचिठ्ठीवर लिहून देण्यास क्षणही लागत नाही.

उशीर झालेला नसतो

ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ साली सुरू झालेला अभ्यास पन्नास वर्षे चालला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे १०, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६ व साठाव्या वर्षी ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते. साठीतील तीन वर्षे म्हणजे नातवंडाचा हात धरून त्याला शाळेत पोहोचविण्याची वर्षे.

आपल्या समाजातील प्रत्येक घरात नसले, तरी प्रत्येक आळीत असे एखादे माणूस निश्चित आहे, ज्याला हे व्यसन सोडावयाचे आहे आणि जे एकटे पडले आहे. त्याला उपदेश पुष्कळ मिळाला आहे. आता “कधीपासून सोडायचे ठरवता? मी बरोबर आहे,” असे विचारणारे कोणी हवे आहे. हे स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येकाने एका जरी व्यक्तीस असे विचारले, तरी या लेखाचे सार्थक होईल.