प्रोसेसर खरेच जळला का?

लग्नसराई आली की आमच्या घरच्या संगणकाला चांगले दिवस येतात. पंचक्रोशीतल्या पत्रिकांची अक्षरजुळणी मी घरीच करतो आणि त्यावर कॉलेजची फी निघते. यंत्र २०१८ सालचे, चालीने कासव. म्हणून एप्रिलमध्ये त्यातला जुना ‘रायझन ३ २२००जी’ प्रोसेसर काढून ‘रायझन ५ ५६००जी’ हा नवा बसविला. बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा मात्र काळा! एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, “प्रोसेसर उडाला, दुसरा घ्या.” आजोबांनी लगेच हिशेब लावला, “म्हंजे दीड क्विंटल कापूस जयला म्हना!”

कापूस वाचला. तो कसा वाचला हे आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट केली ती ही की जुना प्रोसेसर परत बसवून पाहिला. यंत्र निमूटपणे सुरू झाले. म्हणजे वीजपुरवठा, मेमरी, पडदा ही सारी मंडळी निर्दोष ठरली. उरला संशय नव्या प्रोसेसरवर किंवा मदरबोर्डशी त्याच्या असलेल्या ओळखीवर. ही ओळख ‘बायोस’ करून देतो. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठविलेला छोटा प्रोग्राम, यंत्र चालू होताच सर्वांत आधी जागा होणारा. त्याच्याजवळ प्रोसेसरांचा जणू हजेरीपट असतो. आमचा मदरबोर्ड २०१८ चा आणि ५६००जी बाजारात आला २०२१ मध्ये. खाचा जुळतात, पण हजेरीपटात नाव नाही. मग परीक्षेला कोण बसू देणार?

जुना प्रोसेसर आत असतानाच कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा बायोस पेनड्राइव्हवर घेतला आणि चढविला. येथे एक इशारा. हे काम चालू असता वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. आपल्याकडच्या विजेचा भरवसा सर्वांना ठाऊक आहेच! मी इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करून रात्री अकराला बसलो. नंतर नवा प्रोसेसर घातला आणि पडदा उजळला.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र आधी रेंगाळू लागले, मग दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद. पहाटे मात्र तासन्‌तास चाले. या वेळापत्रकातच रोगाचे नाव होते. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचताच तो स्वतःची गती कमी करतो, आणि तरीही उष्णता आवरेना तर जीव वाचविण्यासाठी यंत्र बंद पडते. त्याच्यावरचा पंखा थंड हवा निर्माण करीत नाही, खोलीतलीच हवा फेकतो. यवतमाळच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश, तर त्याने तरी काय करावे?

पण सगळा दोष सूर्यनारायणाचा नव्हता. कूलर काढून पाहिला तर त्याच्या पत्र्यांच्या फटीत कापसाच्या तंतूंची चक्क गादी झालेली! भावाची वाट पाहत कापूस घरातच साठविणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे नवल नाही. शिवाय मी कूलरखालची जुनी, वाळलेली पेस्ट तशीच ठेवली होती. ही पेस्ट प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली बारीक पोकळी भरते. ती सुकली की मध्ये हवा राहते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. दोन्ही पृष्ठे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली, तंतू ब्रशने झाडले. कूलर काढताना मात्र यंत्र आधी थोडे चालवून पेस्ट कोमट करावी आणि कूलर हलकेच फिरवून सोडवावा. सरळ ओढला तर या जातीचा प्रोसेसर चिकटून वर येतो आणि त्याच्या १३३१ पिनांपैकी एखादी वाकते.

इतर कारणे थोडक्यात. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वीजप्लग लावायचा राहून जातो. मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते. ५६००जी ऐवजी नुसता ५६०० आणला तर त्यात चित्र उमटविणारा भागच नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार.

प्रोसेसर स्वतः कधीच चुकत नाही काय? चुकतो. १९९४ साली अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियमचा भागाकार चुकतो असे आढळले. पण त्यांनी आरोप घाईने केला नाही. संशयास्पद गोष्टी एकेक करून वगळल्या, तोच भागाकार दुसऱ्या यंत्रांवर केला, आणि काही महिन्यांनी, ऑक्टोबरात, ते बोलले. डिसेंबरात इंटेलने प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले. अलीकडे २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे इंटेलने मान्य केले, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली, आणि त्यावरचा उपायही बायोसच्या वाटेनेच आला.

नाइसलींजवळ काही महिने होते. माझ्याजवळ लग्नाचा मुहूर्त होता. त्या आठवड्यात अकरा पत्रिका वेळेवर गेल्या. दुपारी दोन ते पाच मात्र यंत्र बंद ठेवतो. आजोबांची तशी आज्ञा आहे.