तडजोडीनंतर हुकूमनाम्याचे काय होते?

बांधाचा तंटा, उसनवारी अथवा भावाभावांतील वाटणी यांवरून दिवाणी न्यायालयात गेलेली मंडळी पुढे गावातच समेट करतात, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्याला नवी नाही. चार प्रतिष्ठितांच्या साक्षीने कागद होतो, रक्कम दिली जाते आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात. परंतु यवतमाळ, पुसद वा पांढरकवडा येथील न्यायालयाने आधीच हुकूमनामा दिला असेल, तर तो अशा समेटाने आपोआप रद्द होत नाही. पंचायत सदस्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. कारण पंच म्हणून बहुधा तेच बसलेले असतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ अन्वये न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम वा झालेली तडजोड न्यायालयात नोंदवावी लागते. ही नोंद हुकूमनामाधारकाने करवून घ्यावयाची असते. त्याने टाळाटाळ केल्यास ऋणकोने स्वतः अर्ज करावयाचा; त्यासाठी मुदत अवघी ३० दिवसांची आहे. उलट, पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते. नोंद न झालेला समेट बाजूस सारून दहाव्या वर्षी जप्ती आली, तर दरखास्त चालविणारे न्यायालय गावातील त्या कागदाची दखल घेऊ शकत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने केवळ तोंडी साक्षीवर विसंबण्याचा मार्गही बंद झाला. रक्कम न्यायालयात, मनिऑर्डरने वा बँकेमार्फत भरलेली असावी, लेखी पुरावा असावा, नाहीतर हुकूमनामाधारकाने ती कबूल करावी. पाच साक्षीदारांहून एक पावती येथे अधिक कामाची.

अपील चालू असताना तडजोड झाली, तर अपील न्यायालय तीनुसार नवा हुकूमनामा करते व तो खालच्या हुकूमनाम्याची जागा घेतो. तथापि, तडजोड लेखी, सह्यांची व कायदेशीर आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. जिल्ह्यातील कोलाम, गोंड आदी आदिवासी बांधवांच्या जमिनींबाबत ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे, ६ जुलै १९७४ पासून अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. ही मंजुरी टाळण्यासाठी तडजोडीचा आडमार्ग धरता येत नाही.

मूळ हुकूमनामाच तडजोडीने झाला असेल, तर त्यावर सामान्यतः अपील चालत नाही आणि आदेश २३, नियम ३-अ मुळे नवा दावाही लावता येत नाही. सही फसवून वा धाकाने घेतली, असे ज्याचे म्हणणे असेल त्याने हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाकडेच अर्ज करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ साली स्पष्ट केले. मात्र ‘आता परवडत नाही’ हे कारण चालत नाही. अज्ञान मुलाच्या वतीने पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून केलेली तडजोडही मुलाच्या बाजूने रद्द करवून घेता येते.

लोकअदालतीचा निवाडा याहून पक्का असतो. न्यायशुल्क परत मिळते, पण अपील नाही. गंभीर दोष असल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे रिट अर्ज, एवढाच मार्ग उरतो. त्यामुळे तेथे सही करण्यापूर्वीच मजकूर वाचून घ्यावा. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या पक्षकारांना त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळू शकतो.