चूक कोणी केली, की चूक कशी झाली? मालक म्हणून तुमचा पहिला प्रश्न कोणता?



समजा, ग्राहकाने यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला, काउंटरवरच्या पोराने माल दिला आणि रात्री हिशोबात कळलं की पैसे आलेच नाहीत. 850 रुपये गेले. अशा वेळी बहुतेक मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "माल कोणी दिला? त्याच्या पगारातून कापा."

आज मी तुम्हाला दुकानातून थेट हॉस्पिटलमध्ये नेणार आहे. तिथे चुकीची किंमत रुपयांत नाही, जीवात मोजावी लागते. म्हणूनच चूक झाल्यावर काय करायचं, याबद्दल तिथून खूप शिकण्यासारखं आहे.

तीन भांडी, तिन्ही सारखीच

2004 साल. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचं व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटल. 69 वर्षांच्या मेरी मॅक्लिंटन यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर उपचार चालू होते. टेबलावर तीन भांडी होती. एकात सलाइन, दुसऱ्यात एक्स-रेमध्ये रक्तवाहिनी दिसावी म्हणून टोचायचा डाय, तिसऱ्यात त्वचा पुसायचं जंतुनाशक. तिन्ही पाण्यासारखी रंगहीन, आणि भांड्यांवर नावं नाहीत. पूर्वीचं जंतुनाशक तपकिरी होतं, लगेच ओळखू यायचं. ते बदलून रंगहीन आणलं होतं. डायऐवजी जंतुनाशक टोचलं गेलं आणि 19 दिवसांनी मेरीबाई वारल्या.

आता विचार करा. ज्याच्या हातून हे झालं त्याला काढून टाकलं असतं, तर काय बदललं असतं? माणूस गेला असता, पण बिननावाची भांडी टेबलावर तशीच राहिली असती, पुढच्या माणसाची वाट बघत.

हॉस्पिटलने लपवलं नाही. कुटुंबाला सांगितलं, कर्मचाऱ्यांना सांगितलं आणि जाहीर माफी मागितली. भांड्यांवर लेबलं आली. पुढे मेरीबाईंच्या नावाने रुग्ण-सुरक्षेचा पुरस्कारही सुरू केला. ही हिंमत एका दिवसात आली नव्हती बरं का. 2002 मध्येच तिथले वरिष्ठ जपानला जाऊन टोयोटाची पद्धत बघून आले होते. टोयोटात साधा कामगारसुद्धा गडबड दिसली की काम थांबवायला सांगू शकतो. तसंच हॉस्पिटलमधला कोणीही कर्मचारी धोक्याची सूचना देऊ शकेल, अशी सोय त्यांनी केली होती.

"आमच्याकडे चुका होतच नाहीत"

एमी एडमंडसन या अभ्यासक महिलेने हॉस्पिटलमधल्या नर्सच्या टीम तपासल्या. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, असा अंदाज होता. आकडे निघाले उलटे! चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. कारण काय, तर तिथे लोक चुका न घाबरता सांगत होते. 1996 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे तुमच्या कानावर एकही चूक येत नसेल, तर खूश होऊ नका. कदाचित ती तुमच्यापर्यंत पोचतच नसेल.

पगारातून 850 कापले की पोरगा एकच गोष्ट शिकतो: पुढच्या वेळी सांगायचं नाही.

मग सगळ्यांना माफ करायचं?

नाही. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. नजरचूक झाली, तर माणसाला धीर द्या आणि व्यवस्था सुधारा. घाईत नियम टाळला, तर समजावून सांगा आणि टाळावासा का वाटला तेही विचारा. जाणूनबुजून नुकसान केलं किंवा लपवाछपवी केली, तर मात्र कारवाई करा.

ग्राहकाशीही हाच प्रामाणिकपणा ठेवा. "कबूल केलं तर डोक्यावर बसतील," ही भीती डॉक्टरांनाही असते. मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलने 2001 पासून चूक स्वतःहून सांगून भरपाई देऊ करायला सुरुवात केली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर एक लाख रुग्णभेटींमागे महिन्याचे नवे दावे 7.03 वरून 4.52 वर आलेले दिसले. सगळं श्रेय याच धोरणाचं असं म्हणता येत नाही. पण खरं बोलल्याने दाव्यांचा पूर आला नाही, हे नक्की.

या आठवड्याचं काम

1. काउंटरवर एक वही ठेवा. काय चुकलं, कसं चुकलं, काय बदललं, एवढंच लिहायचं. नाव लिहायचं नाही.
2. थोडक्यात वाचलेली चूकही लिहा. तो फुकटातला धडा असतो.
3. दर सोमवारी दहा मिनिटं वही वाचा आणि एक गोष्ट लगेच बदला. साउंडबॉक्स बोलल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. पिठीसाखर आणि खाण्याचा सोडा एकसारख्या बरण्यांत शेजारी ठेवायचा नाही.
4. चूक सांगणाऱ्याला पहिलं वाक्य एकच: "बरं झालं सांगितलंस."

हे चौथं सगळ्यात अवघड आहे, कारण त्या क्षणी पैसे तुमचे गेलेले असतात. पण तुमच्या दुकानात खरं बोलणं परवडतं की नाही, हे त्याच वाक्यावर ठरतं, आणि पोरं ते बरोबर लक्षात ठेवतात.