परक्या प्रोसेसरची भाषा

2003 साली एका घराण्याच्या प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरवर चालवणे हे दिव्यच होते. एकेक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, मग ती पाळायची, ही सरळ वाट. बॉक्स हा नावाजलेला एम्युलेटर, म्हणजे परक्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, याच वाटेने जाई आणि रखडे. वेगवान वाटही ठाऊक होती. प्रोग्राम चालू असतानाच त्याचे तुकडे यजमान, म्हणजे प्रत्यक्ष हाताशी असलेल्या, प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरवायचे, साठवायचे आणि पुन्हापुन्हा वापरायचे. पण असा जस्ट-इन-टाइम कंपायलर ज्या प्रोसेसरसाठी लिहावा, त्याच्यापुरताच उरे. यजमान बदलला की यंत्रभाषा घडवणारा सगळा भाग नव्याने लिहिणे आले.

फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी हे आव्हान अंगावर घेतले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी ‘वाइन’ ही प्रणाली इंटेलच्या घराण्याबाहेरील प्रोसेसरवरही चालावी, हे त्यांच्या ‘क्यूईएमयू’ या एम्युलेटरचे सुरुवातीचे एक उद्दिष्ट. पुढे व्याप वाढत गेला. नक्कल करायचे प्रोसेसर चार, यजमान सहा. म्हणजे जोड्या चोवीस! सहा यंत्रभाषा घडवणारी यंत्रणा एकट्याने कधी लिहून व्हायची?

बेलार यांच्या प्रतिभेने इथेच झेप घेतली. यंत्रभाषा घडवणारा कसबी कारागीर या सर्व यंत्रांवर आधीच हजर होता: जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर. त्यांनी प्रत्येक सूचना सूक्ष्म क्रियांत फोडली, प्रत्येक क्रियेसाठी सी भाषेत छोटेसे फंक्शन लिहिले आणि जीसीसीकडून ते यंत्रभाषेत उतरवून घेतले. मग ‘डायनजेन’ या त्यांच्या साधनाने त्या फंक्शनांचा गाभा अलगद कापून घेतला. प्रोग्राम धावू लागला की हे तुकडे गोधडीसारखे एकाला एक जोडले जात.

तरीही एक काटा सलत होता. ‘पाच मिळवा’ या सूचनेतला पाच फंक्शन लिहिताना ठाऊक नसतो. तो आत शिरवायचा कसा? बेलार यांनी फंक्शनात अशा चलाचा पत्ता वापरला, जो अस्तित्वातच नव्हता. पत्ता पुढे लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले भाग जोडणारे साधन, भरेल या भरवशावर जीसीसी ती जागा मोकळी सोडी आणि तिची नोंद ठेवी. डायनजेनने ती नोंद हेरली आणि खरा आकडा ऐन वेळी त्या जागी बसवला. कंपायलरला न कळता त्याच्याकडून जन्मभराची चाकरी करून घेणारी ही युक्ती मला या साऱ्या कथेतील सर्वांत देखणी वाटते.

2005 मध्ये त्यांनी युझनिक्स परिषदेत क्यूईएमयूवर निबंध मांडला. पूर्णांकी कामात क्यूईएमयू मूळ प्रोसेसरच्या सुमारे चौपट मंद होता. पण बॉक्सपेक्षा जवळपास तीसपट वेगवान!

त्याच वर्षी घाव बसला. एप्रिलमध्ये जीसीसीची चौथी आवृत्ती आली. ती अधिक हुशार होती आणि फंक्शनातल्या भागांची क्रमवारी हवी तशी बदलत होती. परतीची सूचना शेवटीच असेल, हा डायनजेनचा आधार कोसळला. कापलेले तुकडे जुळेनात. जग नव्या जीसीसीकडे सरकले, आणि क्यूईएमयू बांधू पाहणारे मात्र जुनी तिसरी आवृत्ती सांभाळत बसले. ज्याच्या खांद्यावर इमारत उभी होती, त्यानेच अंग काढून घेतले होते.

डागडुजी करून भागणार नव्हते. पॉल ब्रूक यांनी क्यूओपी नावाचा कोडनिर्माता लिहून वेगळी दिशा दाखवली होती. बेलार यांच्यापाशीही सी कंपायलरसाठी आखलेला एक आटोपशीर निर्माता होता. तो आणखी सोपा करून त्यांनी 2008 च्या फेब्रुवारीत क्यूईएमयूत आणला: टायनी कोड जनरेटर, अर्थात टीसीजी. आता उसनवारी संपली. प्रत्येक परकी सूचना आधी एका तटस्थ मधल्या भाषेत उतरे आणि तिथून यजमानाच्या यंत्रभाषेत. जुन्या सूक्ष्म क्रिया एकेक करून नव्या साच्यात ओतल्या गेल्या. 2009 च्या मार्चमध्ये 0.10 आवृत्ती निघाली, तेव्हा जुन्या जीसीसीची गरज उरली नव्हती.

2018 मध्ये रिस्क-फाइव्ह हे नवे घराणे याच टीसीजीवर दाखल झाले. टीसीजीचा मूळ कोड आजही सर्वांना खुला आहे. प्रोसेसरच्या अंतरंगाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने तो जरूर उघडून वाचावा.